बैठकीत दोघं, हिशेबात तिघं

कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीच्या पैशावरून दर हंगामात भांडणं होतात आणि त्यातली बरीचशी पोलीस ठाण्यापर्यंत न जाता गावातच मिटवली जातात. खालचं प्रकरण तशा भांडणांच्या नेहमीच्या घडणीवरून बांधलेलं आहे. माणसं आणि त्यांच्या हिशेबातले आकडे कल्पित आहेत, व्यवहाराची रीत मात्र आहे तशीच ठेवली आहे. तंटामुक्ती समितीवर, ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या संचालक मंडळावर बसणाऱ्यांनी ते वाचावं, कारण ‘आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या’ हे वाक्य त्यांच्याच तोंडी जास्त असतं.

गाव करवीर तालुक्यातलं. फेब्रुवारीच्या मध्यात एका ट्रॅक्टरमालकाची टोळी रातोरात गेली. दहा कोयत्यांपैकी (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) आठ कोयते आणि त्यांना तोडीला आणणारा मुकादम टेम्पोत बसून बीडच्या वाटेला लागले. दोन कोयते राहिले. त्यांना उठवायला कोणी आलं नाही, किंवा लेकरू तापानं फणफणलेलं असल्यामुळे त्यांना निघता आलं नाही; दोन्ही सांगितलं जातं. सकाळी मालकानं त्या दोन जोड्यांचे मोबाइल आणि आधार कार्डं काढून घेतली आणि मुकादम पैसे घेऊन येईपर्यंत इथंच राहायचं, असं बजावलं. त्यांची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, मालकाच्याच गोठ्यामागं होती. पुढच्या आठवड्यात मालक चार माणसं घेऊन बीड जिल्ह्यात गेला आणि मुकादमाला ‘समजुतीनं’ घेऊन आला. समजूत काढायला चार माणसं आणि बोलेरो कशाला लागते, हे नंतरही कोणी विचारलं नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार ट्रॅक्टरमालकाशी करतो. मालक पावसाळ्यात मुकादमाला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो, मुकादम ती गावाकडं वाटून कोयते बांधतो. तोड सुरू झाली की मजुरी हातात पडत नाही, ती उचलीत वळती होते. पोटापाण्याला आठवड्याची खर्ची मिळते, तीही नावावर चढते. एक दिवस उसाच्या फडात गेलं नाही तर खाडा, त्याचा दंड वेगळा. मुकादमाला एकूण टनेजवर कमिशन. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. आपल्या प्रकरणात टनाला 366 रुपये धरलेत. कारखाना मजुराला ओळखत नाही, मजूर कारखान्याला. मधली दोन माणसं मात्र दोघांनाही ओळखतात.

मालक या गोष्टीतला खलनायक नाही. त्यानं ट्रॅक्टर कर्जावर घेतलाय आणि उचलीसाठी कारखान्याकडून आगाऊ रक्कम घेतलीय. टोळी पळाली तर हप्ता थांबत नाही. मुकादमांनी लाखो रुपये घेऊन टोळीच पाठवली नाही, अशा फसवणुकीच्या तक्रारी या जिल्ह्यातल्या वाहतूकदारांनी वर्षानुवर्षं केल्या आहेत आणि त्यातल्या कित्येक खऱ्या आहेत.

बैठक मारुतीच्या देवळात भरली. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 च्या 15 ऑगस्टला सुरू झाली, तेव्हापासून या गावात समिती आहे आणि तिला बऱ्यापैकी मान आहे. समितीला कोर्टाचे अधिकार नाहीत, तिनं समेट घडवायचा असतो. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, शांत माणूस. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, ‘एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मधी कुणी तोंड घालायचं न्हाई.’ आधी मालक बोलला, मग मुकादम. दोघांना सारखाच वेळ मिळाला. दोघांचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. गावपातळीवर इतकी नीट चालवलेली बैठक क्वचित बघायला मिळते.

मालकाचा हिशेब असा होता. दहा कोयत्यांची उचल 12 लाख, म्हणजे कोयत्याला 1 लाख 20 हजार, मुद्रांकावर नोटरी केलेली. चौदा आठवड्यांची खर्ची, कोयत्याला आठवड्याला 1,500 प्रमाणं, 2 लाख 10 हजार. एकूण दिले 14 लाख 10 हजार. टोळीनं तोडला 2,300 टन, त्याचे झाले 8,41,800. येणं बाकी 5,68,200.

मुकादमानं यातला एकही आकडा नाकारला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की आपलं 20 टक्के कमिशन, 1,68,360 रुपये, यातून वजा व्हायला पाहिजे. मालक म्हणाला, टोळी पळवून नेली त्याला कसलं कमिशन? दीड-दोन तास वाद झाला तो याच एका मुद्द्यावर. शेवटी समितीनं कमिशन अर्धं केलं. 84,180 वजा करून बाकी 4,84,020 धरली आणि ती दहा कोयत्यांवर विभागली: प्रत्येकी 48,402. मुकादमानं आठ कोयत्यांचे पैसे दोन हप्त्यांत आणून द्यायचे. जे दोन कोयते इथं आहेत त्यांनी हंगाम संपेपर्यंत तोड करायची, उरलेलं पुढच्या वर्षी येऊन फेडायचं. दोघांनी सह्या केल्या. चहा झाला.

ज्यांनी पुढच्या वर्षी येऊन फेडायचं होतं ते चौघं त्या वेळी फडात होते. त्यांना बोलावलं नव्हतं, आणि का बोलावलं नाही, असं विचारल्यावर समितीतल्या एकानं दिलेलं उत्तर प्रामाणिक होतं: ‘त्यांचा मुकादम हाय की हितं.’

आता त्या 12 लाखांकडं बघू. दीड-दोन तासांच्या वादात या आकड्यावर कोणी बोटसुद्धा ठेवलं नाही, कारण त्यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. पंच माणसं वादाच्या मुद्द्याकडं वळतात, ते साहजिक आहे. ज्यावर दोघं भांडतात ते तपासायचं, ज्यावर दोघं मान डोलावतात ते खरं धरून पुढं जायचं. एरवी ही रीत चांगली आहे, वेळ वाचतो. पण भांडणारे दोघंच असतील तरच ती चालते. इथं मालकाला 12 लाख खरे वाटत होते, कारण त्यानं ते खरोखर मोजले होते. मुकादमाला ते मान्य करणं भाग होतं, कारण खरी रक्कम सांगितली असती तर मधले पैसे गेले कुठं, हे सांगावं लागलं असतं. दोघांच्या दोन वेगळ्या कारणांनी एक चुकीचा आकडा पक्का झाला आणि खर्डा लिहिणाऱ्यानं तो ‘उभयपक्षी मान्य’ म्हणून लिहून टाकला. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच खटकतं. एकच बाजू ऐकली असती तर निदान कोणाच्या तरी मनात शंका राहिली असती. दोन्ही बाजू ऐकल्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

समितीतल्या एका तरुण सदस्याला मात्र चुटपुट लागली आणि तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपीवर गेला. मालक बरोबर होता, मुकादमही अजून गावातच होता. सदस्यानं विचारलं, तुमची काही तक्रार आहे का? नवऱ्यानं मालकाकडं बघितलं, मग जमिनीकडं. ‘आमची काय तक्रार न्हाई.’ बायको चुलीपुढून उठलीच नाही. सदस्यानं वहीत लिहिलं, ‘मजुरांनाही विचारले, तक्रार नाही.’ म्हणजे आता कागदावर तीन बाजू ऐकून झाल्या होत्या.

कुठं ऐकलं आणि कोणासमोर ऐकलं, याला किती किंमत असते, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं, त्याआधी सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार कित्येक दशकं त्यासाठी भांडले. मुंबईचं दार कायद्यानं सगळ्यांना उघडंच होतं. पण तिथवर जाण्याचा खर्च, मुक्काम आणि बुडलेली मजुरी धरली की ते दार कोणासाठी किती उघडं होतं, हे कळायचं. ज्याच्या गोठ्यामागं आपण राहतो, ज्याच्या खिशात आपलं आधार कार्ड आहे, त्याच्यासमोर ‘तक्रार सांग’ म्हणणं यापेक्षा वेगळं नाही.

खरी गोष्ट बाहेर आली ती आशा सेविकेमुळे. लेकराचा ताप बघायला ती फडात गेली होती. बाई मोळ्या बांधत होती, नवरा पलीकडच्या सरीत होता. आशाताईनं न्यायनिवाड्याचं काही विचारलंच नाही. औषध कधी द्यायचं ते सांगितलं आणि सहज म्हणाली, घरी कधी जाणार? बाईनं पाचटात ठेवलेली पिशवी ओढली, तिच्यातून लेकराची शाळेची वही काढली. मागच्या पानांवर प्रत्येक खेपेची तारीख आणि वजन होतं. काट्यावरनं परत आलेल्या ड्रायव्हरला विचारून ती लिहायची. ती आठवी शिकलेली. टोळीची बेरीज भागिले दहा, आपल्या वाट्याला 230 टन, हेही मांडलेलं. आणि सगळ्यात वर, जाड पेन्सिलीनं: उचल 80,000.

‘ताई, लाख वीस कुणी बघितलेत? आमाला ऐंशीच दिले. बाकीचं त्यो म्हनला, मालक मागून देनार हाय.’

80 हजार आणि खर्चीचे 21 हजार मिळून 1 लाख 1 हजार. 230 टनांचे झाले 84,180. म्हणजे त्या जोडीच्या नावावर खरी बाकी होती 16,820. दिवसाला सव्वादोन-अडीच टनांची तोड धरली आणि खर्ची वजा केली, तरी ती चार आठवड्यांच्या आत फिटत होती; शिमग्याच्या आसपास ही माणसं मोकळी झाली असती. देवळातल्या निवाड्यानं तिचे 48,402 झाले. तेवढे फिटायला दहा-अकरा आठवडे लागतात, आणि इतका हंगाम उरलेलाच नव्हता. पुढच्या वर्षी परत येणं कुठून आलं ते इथं दिसतं. ते त्यांच्या कर्जातून आलंच नव्हतं, मुकादमानं मधे ठेवलेल्या 4 लाखांतून आलं होतं.

इथं कोणी म्हणेल, की बाईची वही म्हणजे तरी काय, एका बाजूचा कागद. बरोबर आहे. आणि ती माणसंही धुतल्या तांदळासारखी नव्हती. याच जोडीनं आणखी एका मुकादमाकडून 20 हजार घेऊन ठेवले होते, त्याच्या टोळीत गेलीच नव्हती. आठांपैकी फोनवर सापडलेल्या एका कोयत्यानं आपल्याला लाख मिळाले असं सांगितलं, बाकीच्यांनी ऐंशी. तेव्हा वहीतला आकडा मुकादमासमोर ठेवून त्याला उत्तर द्यायची संधी द्यायलाच हवी. फक्त वही कोणाची, हे त्याला आधी सांगायची गरज नाही. ‘दहा कोयत्यांना कितीकिती दिले, नावनिशीवार सांग’ एवढा प्रश्न पुरतो, आणि तो पहिल्याच बैठकीत विचारता आला असता. मालकाला विचारण्यासारखा होता तो दुसराच प्रश्न: पैसे मुकादमाला दिल्याचा पुरावा आहे, मजुरांना पोचल्याचा काय आहे? या प्रश्नानं मालकाचं काहीच बिघडत नव्हतं. झाला तर फायदाच होता.

कायद्याच्या भाषेत याला फार जुनं उत्तर आहे. ज्याच्यावर निकालाचा बोजा पडणार तो आवश्यक पक्षकार, त्याला सामील केल्याशिवाय दावा नीट चालत नाही. समेटाला तर हे आणखी लागू आहे: जो समेटात नव्हता त्याच्या डोक्यावर समेटाचं देणं बसत नाही. देवळातल्या कागदावर त्या चौघांपैकी एकाचीही सही नव्हती. त्यामुळे त्यांच्यापुरता तो कागद कोराच होता.

पण हिशेबाच्याही आधीचा एक मुद्दा आहे, आणि तिथं मी समितीला सूट देणार नाही. दोन जोड्यांचे मोबाइल आणि ओळखपत्रं काढून घेऊन त्यांना गावात अडकवून ठेवलंय, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. या गोष्टीला दुसरी बाजू नसते. माणसाला सोडायचं की नाही, यावर मालकाचं म्हणणं ऐकायला बसणं हाच अन्याय आहे, मग ते कितीही शांतपणे ऐका. राज्यघटनेच्या कलम 23 नं वेठबिगारीला बंदी आहे. 1982 च्या एशियाड मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आर्थिक लाचारीतून किमान वेतनाखाली करावं लागणारं कामसुद्धा सक्तीच्या मजुरीत धरलं. वेठबिगार निर्मूलनाचा 1976 चा कायदा तर दोन्ही पक्षांना एका तागडीत तोलतच नाही. उचल वेठबिगारीची आहे असं मजुरानं किंवा या कायद्याखालच्या दक्षता समितीनं म्हटलं, की ती तशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं कलम 15 नं पैसे देणाऱ्यावर टाकलंय. वेठबिगारीचं ठरलं, तर कलम 6 प्रमाणं देणंच संपतं, 48 हजारही आणि 16 हजारही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी वेठबिगार बंद केली, त्याच मातीतली ही गोष्ट आहे. जयंतीच्या भाषणात आपण ते अभिमानानं सांगतो, फडातल्या उचलीला मात्र ‘धंद्याची रीत’ म्हणतो.

दुसऱ्या पक्षाला न ऐकता पाऊल उचलणं नैसर्गिक न्यायात बसतं का, हा प्रश्न वकील मंडळी लगेच काढतात. बसतं, पण मर्यादेत. निकड असेल तर आधी थांबवायचं आणि ऐकणं लगेच नंतर करायचं, ही सोय न्यायालयांनी मान्य केलेली आहे. मनेका गांधींच्या पासपोर्टच्या प्रकरणात, 1978 मध्ये, हाच विचार झाला होता: आधी ऐकल्यानं कारवाईचा हेतूच फसणार असेल तर नंतर का होईना, पण खरीखुरी संधी द्या. आपल्या प्रकरणात तेवढंच करायचं होतं. पहिल्या दिवशी फोन आणि कार्डं परत, माणसं मोकळी, लेकरू दवाखान्यात. पैशाचं भांडण पंधरा दिवसांनी ऐकलं असतं तरी मालकाचं काही बुडत नव्हतं. थांबण्याचा भुर्दंड ज्याला कमी बसतो त्याला थांबवायचं. इथं बरोबर उलटं झालं. मालकाचं नीट ऐकता यावं म्हणून मजूर थांबले.

बैठकीच्या सुरुवातीलाच तीन-चार साधे प्रश्न विचारता आले असते. या निकालाचे पैसे शेवटी कोणाच्या हातून जाणार? तो माणूस इथं आहे का? त्याच्या वतीनं जो बोलतोय त्याचं हित त्याच्याशी जुळतं का? मुकादम स्वतःला मजुरांचा माणूस म्हणवतो आणि बऱ्याच संघटनांतही दोघं एकत्रच असतात. दर वाढवून घेताना ते खरंही असतं. टन वाढला, दर वाढला की दोघांचा फायदा. उचलीचा हिशेब निघाला की मात्र ते एकमेकांचे प्रतिपक्षी. एकाच माणसानं सकाळी त्यांची वकिली करायची आणि दुपारी त्यांच्या नावावर कर्ज कबूल करायचं, हे समितीला एरवी चाललं नसतं. भावाभावांच्या वाटणीत एका भावानं ‘धाकट्याचं मी सांगतो’ म्हटलं, तर हेच अध्यक्ष धाकट्याला बोलावून आणतात.

पुढं काय झालं ते थोडक्यात. आशाताईनं वहीच्या पानांचे फोटो त्या तरुण सदस्याला दाखवले, त्यानं तहसीलदारांकडं अर्ज दिला. चौकशीला मंडळ अधिकारी आले. त्यांनी दोन्ही जोड्यांना मालकापासून लांब, गावाच्या शाळेत बसवून, बायकांना वेगळं आणि नवऱ्यांना वेगळं विचारलं. बायका नवऱ्यांपेक्षा जास्त बोलल्या. कार्डं परत मिळाली, दोन्ही कुटुंबं एसटीनं गेली. अध्यक्षांना हे आवडलं नाही. गावातलं गावात मिटलेलं बाहेर गेलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की त्यांनी नंतर समितीच्या वहीत दुरुस्तीची नोंद स्वतःच्या हातानं केली आणि दोन कोयत्यांचं नाव देण्यातून कमी केलं.

मालक चिडला होता. ‘सगळी मजुरांचीच बाजू घेत्यात. मग माझं कुणी ऐकायचं?’ त्याच्या या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. त्याला जबाबदार धरायचं ते माणसं अडवल्याबद्दल. पैसे बुडाल्याबद्दल तो फिर्यादीच आहे. पहिल्या निवाड्यात त्याला पावणेपाच लाखांचं आश्वासन मिळालं होतं, तेही दहा कोयत्यांच्या पाठीवर, ज्यांच्याकडं ते पैसे कधी आलेच नव्हते. ते वसूल झालेच नसते. आता त्याला कळलंय, की त्याच्या 12 लाखांतले जवळजवळ 4 लाख एकाच माणसाकडं अडकलेत. नोटरीचा कागद आणि बँकेतल्या जमेच्या नोंदी जोडून त्यानं मुकादमाविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली आहे. उरलेल्या आठ कोयत्यांचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही, आणि ट्रॅक्टरचा हप्ता 31 मार्चला आहे.